उजवीकडच्याचा मान

चाळिशी उलटलेल्या माणसाला गाडी शिकायची असेल तर डॉक्टरचा दाखला लागतो. माझी चाळिशी उलटून बराच काळ लोटला. मुलगा-सून गाडी चालवतात, आणि हे तर रिटायर झाल्यापासून गाडी चालवण्यापेक्षा पुसण्यात जास्त रमतात. तरीही मी हट्टाने कच्च्या लायसन्सचा अर्ज भरायला घेतला. अर्जाबरोबर तब्येतीचं एक निवेदन द्यायचं असतं. पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का? जुन्या निवेदनात तर पुढे असंही विचारलेलं होतं: लाल आणि हिरवा हे रंग चटकन ओळखता येतात का? मी परत वाचलं. लाल आणि हिरवा. पिवळ्याचं नावच नाही! सिग्नल पिवळा झाला की अख्खं पुणं वेग का वाढवतं, याचा उलगडा मला तिथे झाला. तो रंग दिसलाच पाहिजे अशी अटच नव्हती, तर लोकांनी काय करायचं?

डॉक्टरांच्या फॉर्ममध्ये ऐकू येण्याबद्दलही विचारतात. नेहमीचे ध्वनिसंकेत ऐकू येतात ना, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, आमचं घर चौकात आहे. त्यांनी पुढे काही न विचारता सही केली.

परीक्षेचा अभ्यास सुनेने घेतला. महाराष्ट्रात २०२१ पासून आधारच्या मदतीने कच्च्या लायसन्सची परीक्षा घरी बसून देता येते, त्यामुळे आमचं डायनिंग टेबल हेच केंद्र. सून मेथी निवडता निवडता प्रश्न विचारायची.

"आई, आंधळी व्यक्ती पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडतीये. तुम्ही काय कराल? एक, हॉर्न वाजवून पुढे जाल. दोन, वेग कमी करून पुढे जाल. तीन, थांबाल."

पहिल्या दोन दिवसांतच मला या प्रश्नपत्रिकेची किल्ली सापडली. कायदा पाठ करायची काही गरज नाही. आपण रोज रस्त्यावर जे बघतो ते दोन पर्याय काढून टाकायचे. उरलेला बरोबर. साठ टक्के मिळाले की पास. या किल्लीने नव्वदच्या खाली यायचं म्हटलं तरी जमत नाही.

पण मला नुसतं पास व्हायचं नव्हतं. आयुष्यभर खात्यांची परिपत्रकं वाचलेली मी, मूळ नियम वाचल्याशिवाय कशी राहणार? मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या आधी १९३९ चा होता, त्याच्याही आधी १९१४ चा. गाडी कशी हाकायची याचे १९८९ चे जुने नियम बदलून २०१७ मध्ये नवे आले. हे सगळं मी दुपारच्या वेळात, चष्मा पुसून, पेन्सिलीने खुणा करत वाचलं, आणि वाचता वाचता चकित झाले. मला वाटत होतं, कायदा म्हणजे दंड आणि तुरुंग. ते आहेच. २०१९ च्या दुरुस्तीने तर रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, ठेवलं आहे. पण वाहतुकीच्या नियमांचा गाभा वेगळाच आहे. तो निव्वळ मानपानाचा ग्रंथ आहे.

आधी कोण, मग कोण, एवढंच त्यात ठरवलेलं आहे. झेब्र्यावर पायी चालणाऱ्याचा मान पहिला. सर्कलमध्ये जो आधीच फिरतोय त्याचा मान आत शिरणाऱ्याच्या आधी. अरुंद घाटात चढणाऱ्याचा मान उतरणाऱ्याच्या आधी, म्हणजे ताम्हिणीत वरून येणाऱ्याने कडेला थांबून खालून धापा टाकत येणाऱ्याला वाट द्यायची. आणि सिग्नल नाही, पोलीस नाही, रस्ते सारखेच, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याचा मान. हे वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. ज्या शहरात विसर्जन मिरवणुकीत कसब्याच्या गणपतीपुढे कोणी जात नाही, त्याच्यामागे तांबडी जोगेश्वरी, मग गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हा क्रम लहान पोरालाही पाठ असतो, त्या शहराला हे जड जाण्याचं कारण काय? देवांनी पाळलेली शिस्त ॲक्टिव्हाला का पाळता येऊ नये?

हा प्रश्न मी ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांना विचारला. सर माझ्या मुलापेक्षा लहान. त्यांच्या पायाशी क्लच आणि ब्रेकची वेगळी जोडी असल्यामुळे स्वभाव अत्यंत शांत.

"काकू," ते म्हणाले, "उजवीकडचं नंतर बघू. आधी डावीकडून घुसतात त्यांच्याकडे लक्ष द्या."

सरांचा कायदा लिहिलेला नाही. त्यात कलमं नाहीत, दाखले आहेत. समोरच्याने डिपर मारला तर मला वाटायचं, तो "या तुम्ही" म्हणतोय. सर म्हणाले, "नाही काकू, तो म्हणतोय, मी थांबणार नाहीये." रिक्षावाल्याचा डावा पाय बाहेर आला तर तो डावीकडे वळेल, किंवा पायाला वारा घेत असेल, दोन्ही धरून चालायचं. हाताच्या खुणांचा एक धडा अभ्यासात आहे. उजवा हात बाहेर काढून तळवा खाली, हात वरखाली हलवला की वेग कमी करतोय. मी एसी बंद करून, काच खाली घेऊन ती खूण अगदी पुस्तकाबरहुकूम केली. मागून येणारा तरुण माझ्या शेजारी गाडी आणून म्हणाला, "काकू, काही पडलं का?"

चिन्हांमध्ये मात्र मी सरांना हरवलं. त्रिकोणात सावधगिरी, गोलात हुकूम, चौकोनात माहिती. गोलात भोंगा आणि त्यावर तिरकी रेघ म्हणजे हॉर्न मना, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण निळ्या गोलातला बिनरेघेचा भोंगाही असतो, आणि त्याचा अर्थ हॉर्न वाजवणं सक्तीचं! घाटातल्या आंधळ्या वळणासाठी ती पाटी. माझ्या पाहण्यात देशभर शंभर टक्के पाळला जाणारा हा एकच हुकूम आहे, आणि तोही पाटी नसताना. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंदी घातली. अक्षरं पुसली गेली असतील, पण विनंती लोकांच्या मनात पक्की बसली आहे.

हेल्मेटचा विषय मी काढत नाही. इथे सक्तीच्या विरोधात रीतसर कृती समिती आहे, आणि मला याच शहरात राहायचं आहे.

सरांची सुट्टी असली की सराव घरच्या गाडीवर. नियम असा की शिकाऊ माणसाशेजारी पक्कं लायसन्सवालं माणूस हवं, आणि गाडी थांबवता येईल अशा बेताने बसलेलं हवं. ह्यांच्या पायाखाली फक्त रबरी मॅट. पण अहोंनी त्या मॅटवर इतके ब्रेक मारले की तिला टाचेच्या जागी भोक पडलं. तेवढ्यावर समाधान नाही. 'एल'ची पाटी किमान अठरा सेंटिमीटर चौरस हवी, अक्षर दहा सेंटिमीटर उंच, दोन जाड आणि तळाशी नऊ रुंद, हे मी वाचून दाखवलं मात्र, हे नातवाची पट्टी आणि लाल टेप घेऊन बसले. दोन तास. पांढऱ्या पुठ्ठ्यावर इतका काटेकोर एल बहुधा परिवहन खात्यानेही पाहिला नसेल. रस्त्यावर मात्र त्याचा अर्थ एकच लावतात: हिच्या पुढे घुसा.

आता खरी अडचण सांगते. उजवीकडच्याला मान द्यायचा, हे तर ठरलं. समजा, चौकाच्या चारही बाजूंनी एकाच वेळी एकेक गाडी आली. प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी आहे. म्हणजे प्रत्येकाने थांबायचं. कायद्याने पाहिलं तर चौघांनी दिवेलागणीपर्यंत तिथे उभं राहायला हवं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, असं कधी झालेलं नाही. चौघांपैकी एकाला तरी नियम माहीत नसतोच, आणि तो वाहतूक मोकळी करतो.

पेठेतल्या अशा एका चौकात मी हे डोळ्यांनी पाहिलं. तीन बाजूंनी गाड्यांचं तोंडाला तोंड. चौथ्या बाजूने कांदे-बटाट्याची हातगाडी. तिच्यामागच्या म्हाताऱ्याने डोकंही न वळवता डावा हात कोपरात वाकवून तळवा सगळ्यांना दाखवला, आणि एका हाताने गाडी ढकलत निघाला. बस थांबली. बुलेट थांबली. हातगाडीचं एक चाक कुरकुरत होतं तेवढाच आवाज. ही खूण नियमांच्या कोणत्याही पानावर मला सापडलेली नाही. म्हातारा ती कुठे शिकला, विचारायला हवं होतं.

कच्चं लायसन्स सहा महिने चालतं, आणि तीस दिवस झाल्यावर पक्क्याची परीक्षा देता येते. माझी तारीख जवळ आली तेव्हाची गोष्ट. आमच्या मागच्या गल्लीत दोन्ही बाजूंना पार्किंग, मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. मी एका टोकाला पोचले, तर समोरच्या टोकाला दुसरी गाडी. तिच्यावरही एल. अरुंद पुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं: समोरच्याला आधी येऊ द्या, मग जा. मी थांबले. तोही थांबला, त्यानेही तोच प्रश्न पाठ केला असणार. मी हाताने "या" म्हटलं. त्याने हाताने "तुम्ही या" म्हटलं. मी परत म्हटलं. माझ्यामागे हॉर्न सुरू झाले, त्याच्यामागेही. सर खिडकीबाहेर बघत गप्प बसले होते. त्यांच्या कायद्यात या प्रसंगाची सोयच नव्हती. शेवटी चौकातले मामा शिट्टी वाजवत आले, दोन्ही गाड्यांचे बंपर वाकून पाहिले, आणि म्हणाले, "कुठे घासलीये?"

"घासली नाहीये," मी म्हटलं, "आम्ही एकमेकांना मान देतोय."

मामांनी आधी माझा एल पाहिला, मग त्याचा पाहिला, आणि सरांना म्हणाले, "अहो, यांना जरा शिकवा काहीतरी!"