दहाच्या जागी तीस

माझ्या गाडीचा 10 अँपिअरचा लाल फ्यूज गेल्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत 11 वेळा उडाला. अकराही वेळा तो मला बदलून मिळाला. का उडाला, हे मात्र कोणी शोधलं नाही. तक्रार फ्यूजबद्दल नाही, त्याने त्याचं काम अकरा वेळा चोख केलं. तक्रार आहे ती बदलून देणाऱ्यांबद्दल, आणि बदलून घेऊन निमूट घरी येणाऱ्या आपल्या सगळ्यांबद्दल.

मी आसनगावला राहतो. कसाऱ्याच्या लाइनवर वाशिंद आणि आटगाव यांच्यामधलं हे स्टेशन. नोकरीला लोकलने जातो, त्यामुळे गाडी बाहेर निघते ती बहुतेक अंधार पडल्यावर. आईला शहापुरात डॉक्टरांकडे न्यायचं असतं, किन्हवलीला नातेवाईक आहेत, मुरबाडला लग्नकार्य निघतं. या रस्त्यांवर गाव मागे पडलं की दिवा नाही. दोन्ही बाजूंना भातखाचरं, मध्ये काळा रस्ता, वरून माहुलीकडून आलेला पाऊस. माझ्या गाडीत हा एकच फ्यूज मागचे लाल दिवे, पुढचे पार्किंगचे दिवे, नंबर प्लेटचा दिवा आणि मीटरच्या तबकडीमागचा उजेड सांभाळतो. हेडलाइटचे फ्यूज वेगळे. म्हणजे तो उडाला तरी समोरचा रस्ता नीट दिसत राहतो, मी चालवत राहतो, आणि मागून येणाऱ्या ट्रकला किंवा एसटीला मी अजिबात दिसत नाही. पहिल्यांदा हे मला कळलं ते एका मोटारसायकलवाल्यामुळे. भर पावसात तो शेजारी आला आणि ओरडला, "दादा, मागं लाईट नाय तुमची!" त्या दिवशी मागे माझी दोन्ही मुलं झोपलेली होती.

दुसऱ्या दिवशी पहिलं गॅरेज गाठलं. तिथल्या माणसाने फ्यूज काढला, उजेडात धरला, फेकला, नवा बसवला. "का उडाला?" असं विचारलं तर म्हणाला, "फ्यूज हाय, उडनारच." नऊ दिवसांनी तो परत उडाला. दुसऱ्या गॅरेजात मागचे दोन्ही बल्ब बदलले, ते चांगले असताना. तिसऱ्या ठिकाणी बॉनेटही न उघडता निदान झालं: उंदीर. आमच्याकडे हे अगदीच चूक म्हणता येत नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं, आणि भातकापणीनंतर अंगणात पेंढा रचला की शेजारी उभ्या गाडीत तो शिरतोच. पण कुरतडलेल्या वायरीवर दातांच्या खुणा असतात आणि खाली प्लास्टिकचा चुरा पडतो. ते बघायला बॉनेट उघडावं लागतं. बरं, हा पावसाळा होता, कापणी अजून दूर होती.

चौथं गॅरेज हायवेवरचं. तिथे लाल फ्यूजच्या जागी हिरवा बसवला गेला. हिरवा म्हणजे 30 अँपिअर. "आता उडायचा नाय," असं सांगून त्या माणसाने माझ्याकडून पैसे घेतले. त्याचं म्हणणं खरं ठरलं, तो उडाला नाही. पाचव्या दिवशी डिकीतून जळक्या प्लास्टिकचा वास आला.

इथे थोडा हिशोब मांडतो, कारण या हिशोबाशिवाय माझा राग समजणार नाही. त्या सर्किटवरचे बल्ब 5 वॅटचे. मागचे दोन, पुढचे दोन, नंबर प्लेटचा एक, आणि तबकडीचा उजेड धरला तर सगळे मिळून 30 वॅटच्या आसपास. बॅटरी 12 व्होल्टची, म्हणजे प्रवाह अडीच अँपिअर. 10 चा फ्यूज या कामाला भरपूर झाला. फ्यूज दिव्यांच्या रक्षणासाठी नसतो, वायरीसाठी असतो. त्याच्यातली जस्ताची पट्टी वायरीच्या आधी वितळावी, एवढ्याचसाठी ती तिथे असते. दुप्पट प्रवाह गेला तर चांगला फ्यूज 5 सेकंदांच्या आत तुटतो. दिव्यांकडे जाणाऱ्या वायरी अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या, जेमतेम 10-11 अँपिअर झेपणाऱ्या. त्यांच्या पुढे 30 चा फ्यूज बसवला की आधी तापते ती वायर. मग तिचं आवरण मऊ पडतं, शेजारच्या वायरीला चिकटतं, आणि हे सगळं पेट्रोलच्या टाकीपासून फार लांब घडत नसतं. काही जण तर उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून देतात. तीस अँपिअरला निदान एक मर्यादा असते, चांदीला तीही नाही. याला आपल्याकडे जुगाड म्हणतात आणि कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुकाचं काही दिसत नाही.

हिरवा फ्यूज मी त्याच रात्री काढून टाकला.

तोपर्यंत वहीत नोंदी ठेवायला लागलो होतो. तारीख, रस्ता, पाऊस होता की नव्हता, गाडीत काय होतं. त्यातून एक गोष्ट उघड दिसत होती. हायवेवरून पडघ्यापर्यंत कितीही वेळा गेलो तरी फ्यूज शाबूत. किन्हवलीच्या खड्ड्यांत तो चार वेळा गेला. आणि तीन वेळा तर गाडी हललीही नव्हती. पार्किंगचे दिवे लावून तांदळाची पोती उतरवली, डिकी बंद केली, आणि मीटर काळं. ही वही मी दोन गॅरेजांत दाखवली. एकाने ती हातात घेतली नाही. दुसऱ्याने घेतली आणि तिच्यावर पाना ठेवला.

शोध लागला तो आमच्या गल्लीतल्या काकांमुळे. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांचा पहिलाच प्रश्न होता: "कधी उडतो?" चार महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मग त्यांनी उडालेले फ्यूज मागितले. पहिला सोडून बाकी सगळे मी जपून ठेवले होते. एकेक उजेडात धरून ते म्हणाले, "हे बघ, पट्टी मधोमध शांतपणे वितळली असती तर भार जास्त झाला असं म्हटलं असतं. इथं प्लास्टिक आतून काळं झालंय, धातू उडालाय. म्हणजे पॉझिटिव्ह वायर थेट पत्र्याला लागतेय." जी वस्तू पहिल्या गॅरेजात कचऱ्यात गेली, तिच्यावरच अर्धं उत्तर लिहिलेलं होतं.

पुढे त्यांनी केलं ते इतकं साधं होतं की लिहून ठेवलंच पाहिजे. ब्रेक लाइटचा 21 वॅटचा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि फ्यूजच्या जागी लावल्या. तो बल्ब मध्ये असताना कितीही शॉर्ट झालं तरी पावणेदोन अँपिअरच्या वर प्रवाह जाऊच शकत नाही. फ्यूज फुकट जात नाहीत, वायर तापत नाही. मग सर्किटवरचे सगळे दिव्यांचे बल्ब काढले, पार्किंगचा स्विच चालू केला. आता दोष नसेल तर 21 वॅटचा बल्ब विझलेला राहणार, वायर पत्र्याला लागली तर तो पूर्ण तेजाने पेटणार. सुरुवातीला बल्ब विझलेला होता. काकांनी बॉनेटखालच्या वायरी हलवल्या, काही नाही. डॅशबोर्डखाली हात घातला, काही नाही. मागच्या दिव्यांच्या होल्डरांना धक्के दिले, काही नाही. मग मी डिकी उचलली आणि पुढे सीटखाली ठेवलेला बल्ब लख्ख पेटला. खाली केली, विझला. पुन्हा उचलली, पुन्हा पेटला. पाऊस पडत होता, आम्ही दोघं छत्रीखाली उभे राहून डिकी वर-खाली करत होतो आणि मला इतका आनंद झाला होता की बोलता येईना.

डिकीचं दार आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये बिजागरीपाशी एक रबरी नळी असते. तिच्यातून सगळ्या वायरी दारात जातात. दार जितक्या वेळा उघडतं तितक्या वेळा त्या वायरी त्याच जागी वाकतात. माझ्या गाडीला नऊ वर्षं झाली. नळी सरकवल्यावर नंबर प्लेटच्या दिव्याकडे जाणाऱ्या वायरीचं आवरण वाकण्याच्या जागी फाटलेलं दिसलं. आतलं तांबं पाणी लागून हिरवं पडलं होतं आणि शेजारच्या आवरणावर 30 च्या फ्यूजने केलेला भाजका डाग होता. खराब तुकडा कापला, वीतभर नवी वायर थोडी सैल ठेवून जोडली, झाळकाम करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. शोधायला 40 मिनिटं लागली, दुरुस्तीला 20.

गॅरेजवाल्यांच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करतो. फ्यूजचे दहा रुपये गिऱ्हाईक लगेच देतं, बल्बचे देतं, पण "तासभर शोधलं, त्याचे पैसे द्या" म्हटलं की आपण घासाघीस करतो. बदललेली वस्तू हातात दिसते, शोध दिसत नाही. म्हणून वस्तू बदलल्या जातात. तरीही 10 च्या जागी 30 बसवणं याला वेळेची कमतरता हे कारण चालणार नाही. तो गुन्हा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. वस्तू विकत घेणाऱ्याला तो दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा धूर निघालेला असतो.

तेव्हा एवढं करा. उद्या सकाळी फ्यूज बॉक्सचं झाकण उघडा. झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात प्रत्येक जागेचा आकडा छापलेला असतो, तो आत बसवलेल्या फ्यूजच्या आकड्याशी ताडून बघा. जास्त आकड्याचा सापडला तर तो आधी काढा. उडालेला फ्यूज फेकू नका, गॅरेजवाल्याला दाखवा, कधी उडाला ते सांगा, आणि त्याने शोधायला वेळ घेतला तर त्या वेळाचे पैसे द्या. आणि रात्री किन्हवली-मुरबाडकडे निघालात तर गाडीच्या मागे जाऊन लाल दिवे लागलेत ना, ते एकदा डोळ्यांनी बघून घ्या.