रा. रा. चलनपालटे यांस

रा. रा. चलनपालटे,
मुक्काम : आमच्या ऑनलाइन दुकानाचा उजवा कोपरा.



किंमत गिऱ्हाइकाच्या चलनात पालटून दाखवायला आपण दुकानात रुजू झालात आणि मेहकरच्या कुरडईला परदेशी रुबाब आला. अर्धा किलोचे पाकीट, किंमत 350 रुपये, हे आम्ही आजवर कसलाही विचार न करता लिहीत होतो. डॉलर 85 रुपये धरून आपण त्याचे 4.12 डॉलर केलेत. शेवटच्या सेंटापर्यंत चोख! आमच्या बाजारात सुटे नसले की हातावर चॉकलेट ठेवायची रीत, त्यामुळे डोळ्यांत पाणीच आले.

आपण दर तासाला बाजारभाव बघून आकडा हलवता, हे त्याहून थोर. न्यू जर्सीत एडिसनला आमच्या गावची एक लेक दिली आहे. तिचा फोन आला, "भाऊ, सकाळी 4.12 होते, आता 4.09 दिसतात. उतरतच असतील तर थांबते मी." बाई कुरडईकडे शेअर बाजारासारखी बघू लागली. गहू भिजवणाऱ्या, चीक हाटणाऱ्या बायांना मी काय सांगू, की आज तुमच्या मेहनतीत तीन सेंटांची घसरण झाली?

भूगोलही आपला पक्का. जपानी येनला हल्ली पैसे-बैसे नसतात, तरी आपण टोकियोच्या गिऱ्हाइकाला वर अर्धा येन मागितला. कुवेती दिनाराचे 1000 फिल्स होतात, म्हणून तिथे दशांशचिन्हापुढे तीन आकडे लागतात. आपण दोनावर हात आखडता घेतला. (त्याच कुवेतमध्ये 1961 पर्यंत रुपयाच चालत होता. रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. आमच्या आजोबांना ऑनलाइन दुकान सुचले असते, तर आपली गरजच पडली नसती.) जर्मनीत तर स्वल्पविराम म्हणजेच दशांश. दिवाळीच्या मोठ्या डब्याची 1,250 ही किंमत तिकडचा माणूस सव्वा रुपया अशी वाचू शकतो, पण आपण हटला नाहीत.

डोणगावच्या एका पोराला तर आपण घरबसल्या युरोपात नेले. बापाच्या ओसरीवर बसून तो कंपनीच्या लॅपटॉपवर बिबडे मागवत होता. कंपनीचे नेटवर्क फिरून जर्मनीतून बाहेर पडते, म्हणून आपण त्याला युरो दाखवलेत. त्याने खिडकीतून गोठा पाहिला, पुन्हा पडदा पाहिला आणि मला फोन करून विचारले, "काहून भाऊ, मी कुठं आहे?"

या सगळ्या लीला झाल्या. आता खरा पराक्रम. डॉलरचा आकडा आपण दुकानाच्या दारात दाखवता. गिऱ्हाईक गल्ल्यापाशी पोचले की अंगावरचा कोट उतरवता आणि 350 रुपयेच कापता. पुढे त्याची बँक आपल्या दराने त्याचे डॉलर करते, वर परदेशी व्यवहाराचा आकार लावते. अमेरिकेतल्या बऱ्याच कार्डांवर तो 3 टक्क्यांच्या आसपास असतो. महिन्याच्या हिशेबात 4.12 चे 4.27 निघतात. लुच्चा कोण ठरतो? मेहकरवाला. पाकिटावर छापील किंमत 350 रुपये, सर्व करांसह, अशी ठसठशीत असते, तीही गिऱ्हाईक फोटो काढून पाठवते. माल परत आला तर आणखी बहार. घेतला एका दराने, पैसे फिरले दुसऱ्या दराने, त्याच्या खात्यात कमी आणि माझ्या नावाने बोंब.

साहेब, आपण या गावात नवे आहात, म्हणून एक जुनी हकिकत कळवतो. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि 1902 मध्ये कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडेच राहिला. लोणार तेव्हा मेहकर तालुक्यात, म्हणजे आमचा तालुका निजामाच्या हद्दीला लागून. अलीकडे इंग्रजी कलदार रुपया, पलीकडे मंठा-जिंतुराकडे निजामाचा हाली रुपया. अधिकृत दर 100 कलदारांना 116 हाली रुपये, 10 आणे, 8 पै. म्हणजे 6 कलदारांना 7 हाली. बैल विकायचा असो की कापूस, भाव ठरण्याआधी विचारायचे, हाली की कलदार? शंभरावर सोळा-सतरा रुपयांचा फरक, तो कोण सोडतो! पण एकदा हाली ठरले की मोजायचे हालीच. दाखवायचे हाली आणि खिशातून काढायचे कलदार, अशी कला त्या अंगठेबहाद्दरांना जमली नाही. तेवढे शिक्षण नव्हते बिचाऱ्यांचे.

तेव्हा विनंती एवढीच. अमेरिकेसाठी मी हाताने 5 डॉलर लिहितो. गोल आकडा, दिवाळीपर्यंत हलणार नाही. मधल्या काळात डॉलर पडला तर तोटा माझा, चढला तर नफा माझा. व्यापारी आहे, एवढी जोखीम पेलवते. त्या गिऱ्हाइकाच्या कार्डावरून 5 डॉलरच कापायचे आणि माल परत आला तर 5 डॉलरच द्यायचे. जिथे ते करता येत नाही, त्या देशाला सरळ रुपया दाखवा. हवे तर शेजारी बारीक अक्षरात "सुमारे" घालून त्यांचा आकडा लिहा. आणि कोणता देश, हे त्याच्या नेटवर्कला विचारण्यापेक्षा त्यालाच विचारा. माणूस आहे, सांगेल.

मंजूर असेल तर सोमवारपासून कामाला या. नसेल तर उजव्या कोपऱ्यात मला मुगवड्यांची जाहिरात लावायची आहे.

आपला,
एक कुरडईवाला, मेहकर, जि. बुलढाणा

ता. क. : एडिसनच्या ताईंनी शेवटी 4.08 ला खरेदी केली. कुरिअरचा खर्च कुरडईच्या कितीतरी पट आला, त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.