मेलबर्नची एकादशी

ताईच्या लग्नात मला जिलेबी वाढायला उभं केलं होतं. नव्या जावयाला आग्रह करायचा, अशी घरातून सक्त ताकीद. मी तीनदा दाजींच्या पानाशी गेलो, तीनदा त्यांनी पान पुढे केलं. चौथ्यांदा त्यांनी माझ्या हातातलं ताटच खाली ठेवून घेतलं आणि म्हणाले, "तू कशाला सारखा वाकतोस?" त्या दिवसापासून आमच्या साताऱ्याच्या घरात दाजींचं नाव आदराने घेतलं जातं. सांगलीहून दाजी निघाले असा फोन आला की आई आधी कणीक जास्त मळायची आणि मग ताईची खुशाली विचारायची.

असा हा माणूस पन्नाशीत पोटाच्या तावडीत सापडला. जेवल्यावर पोटाचा नगारा व्हायचा, कळा यायच्या, आणि बाहेरगावी जाताना देवळाआधी शौचालय कुठे आहे ते पाहून ठेवावं लागायचं. रक्त तपासलं, दुर्बीण घातली, गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणारा सिलिअ‍ॅक आहे का तेही पाहिलं. सगळं नीट निघालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "जखम नाही, सूज नाही. याला आयबीएस म्हणतात. आतडं चिडकं आहे, एवढंच."

ताई म्हणाली, "म्हणजे मालकावर गेलंय."

मग आहारतज्ज्ञ बाईंनी दाजींना फॉडमॅपची यादी दिली. काही पदार्थांतल्या ठरावीक साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या मोठ्या आतड्यात गेल्या की तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात, गॅस होतो, पाणी ओढलं जातं आणि चिडकं आतडं बोंब ठोकतं. म्हणून त्या काही आठवडे बंद करून पाहायच्या. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या लोकांनी हे शास्त्र बसवलं. यादीत कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध, सफरचंद आणि आंबा. सासुरवाडीच्या पाहुणचारात यापलीकडे काय उरतं ते सांगा.

आईने 'फॉडमॅप' हा शब्द 'फोडणीचा मॅप' असा ऐकला. तो काही फार चुकीचा नव्हता, कारण त्यानंतर दाजी प्रत्येक फोडणीचा नकाशा मागू लागले.

आषाढ शुद्ध नवमीला आपल्याकडे कांदेनवमी करतात. चातुर्मासात चार महिने कांदा तोंडात घालायचा नाही, म्हणून आधी पोटभर भजी, झुणका, थालीपीठ उरकून घ्यायचं. दाजींना तेवढीही सवलत मिळाली नाही. त्यांना नवमी न दाखवता थेट एकादशीला बसवलं.

हे मी गमतीने म्हणत नाही. दाजी पहिल्यांदा यादी घेऊन आले तेव्हा आईने चष्मा लावून 'चालेल'चा रकाना वाचला. बटाटा, शेंगदाणे, साबुदाणा, वरी, काकडी, तूप. आईने कागद खाली ठेवला आणि विचारलं, "जावईबापू, मेलबर्नला एकादशी कधीपासून धरतात हो?"

आजारी माणूस कोपऱ्यात बसून मऊ भात खातो असा आपला समज असतो. दाजी त्या जातीचे नाहीत. पथ्य सुरू झाल्यापासून त्यांना कंठ फुटला. दुधाने तोंड पोळलं की लोक ताकही फुंकून पितात. दाजी ताकात लॅक्टोज किती ते विचारतात. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर ते वधूवरांना भेटायच्या आधी आचाऱ्याला भेटतात. त्यांच्या मोबाइलवर प्रत्येक पदार्थापुढे हिरवा, पिवळा, लाल असे सिग्नलचे दिवे आहेत. गंमत म्हणजे पदार्थ तोच, पण दोन चमचे घेतला तर हिरवा आणि वाटीभर घेतला तर लाल. त्यामुळे दाजी भाजी वाढून घेताना वाढप्याला "थांब" असं पोलिसासारखा हात करून सांगतात.

हिंगावर त्यांनी जेवढा अभ्यास केला तेवढा बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षेला केला असता तर मॅनेजर झाले असते. कांदालसणाची उणीव भरून काढायला हिंगासारखा आधार नाही. पण आपल्या घरातला हिंग बहुधा बांधणीचा, म्हणजे डिंक आणि पीठ घालून सौम्य केलेला, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं. म्हणून दाजी दुकानात डबीवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचतात. आपल्याकडे हिंग पिकत नव्हता, तो अफगाणिस्तान-इराणकडून यायचा, आणि हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात हिंगाचं पहिलं रोप ऑक्टोबर 2020 मध्ये लावलं गेलं, ही माहिती त्यांनी मला एका तेराव्याच्या जेवणात दिली. ज्यांचं तेरावं होतं त्यांच्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

मंडईत ते कांद्याची पात घेतात. हिरवा भाग चालतो, खालचा पांढरा कांदा चालत नाही. ते तिथल्या तिथे पांढरं तोडून परत देतात. भाजीवाल्या मावशी एकदा म्हणाल्या, "कांदा टाकून पात नेणारं गिऱ्हाईक तुमचंच बघितलं. पैसे मात्र अख्ख्या जुडीचे पडतील हं."

पण खरे दाजी पाहायचे असतील तर चुलीपाशी पाहावेत. पंचवीस वर्षं या माणसाला स्वयंपाकघरात फक्त पाण्याचा माठ कुठे आहे ते ठाऊक होतं. एके दिवशी त्यांना कळलं की लसणातलं जे पोटाला बाधतं ते पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. म्हणजे तेलात लसूण परतायचा, पाकळ्या काढून टाकायच्या आणि त्या तेलात रस्सा करायचा. वास लसणाचा, त्रास शून्य. आर्किमिडीजलाही एवढा आनंद झाला नसेल.

मी सांगलीला गेलो होतो तेव्हा हा प्रयोग माझ्यासमोर झाला. बटाट्याचा रस्सा होता. दाजींनी कढईत तेल तापवलं आणि अख्ख्या पाकळ्या मोजून टाकल्या. "सहा," ते मोठ्याने म्हणाले. मी साक्षीदार. पाकळ्या बदामी झाल्यावर त्यांनी झाऱ्याने एकेक उचलून ताटलीत ठेवली. एक, दोन, तीन, चार, पाच. बटाट्याच्या फोडी तयार, शेजारी आधणाचं पाणी खळखळतंय, आणि सहावी पाकळी बेपत्ता. दाजींनी गॅस बंद केला. कढई उजव्या हाताला कलती करून पाहिली, डावीकडे कलती करून पाहिली. झारा उलटा केला, ओट्याखाली टॉर्च मारला. "पाणी घालू नका," ते मला म्हणाले, जसं काही मी बादली घेऊनच उभा होतो. "पाणी पडलं की सगळं उतरलं."

ताई ओट्याला टेकून उभी होती. तिचा गाल हलत होता.

"अगं, खाल्लीस?"

"कुरकुरीत झाली होती," ताई म्हणाली. "तीन महिने झाले या घरात लसूण चाखून."

त्या वाक्यावर दाजी काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पानात लसणीची चटणी होती, ताईच्या बाजूला. दाजींनी स्वतः खलबत्त्यात कुटली होती.

2023 साली अधिक श्रावण आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. जावयाला विष्णुस्वरूप मानून तेहतीस अनारसे द्यायचे आणि पुरणाचे धोंडे खायला घालायचे. आता धोंडा म्हणजे बाहेर कणीक, आत हरभऱ्याची डाळ; मोनॅशच्या दृष्टीने घातपातच. अनारसे मात्र सुटले. तांदूळ, गूळ, खसखस, तूप असे चारी साक्षीदार दाजींनी उलटसुलट तपासले आणि निर्दोष सोडले. धोंड्याचं काय? आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने तांदळाची उकड काढली, आत खोबरं-गूळ भरलं आणि गोल गोळे उकडून पानात वाढले. मी म्हटलं, "आई, हे तर मोदक झाले." आई म्हणाली, "कळ्या पाडल्यात का? नाहीत ना? मग धोंडेच. देवाला आकार कळतो, पीठ नाही."

इथे दाजींचं गुपित फोडायला हवं. हे कडक पथ्य मुळात दोन ते सहा आठवड्यांचंच असतं. मग एकेक पदार्थ थोडा थोडा खाऊन पाहायचा, सोसतो तो ठेवायचा, बाधतो तेवढाच टाळायचा. कायम सगळंच सोडलं तर आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंची उपासमार होते. हे सगळं दाजींच्या कागदाच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं. दाजींनी तीन वर्षं कागद उलटला नाही. कसा उलटतील? पथ्याआधी ते सासुरवाडीचे एक जावई होते. पथ्यानंतर त्यांच्यासाठी वेगळी कढई, वेगळं तेल, वेगळा धोंडा. पोट केव्हाच शांत झालं होतं, मानाला मात्र अजून चटक होती.

शेवटी कागद ताईने उलटला, आणि आहारतज्ज्ञ बाईंनी दाजींना शाळकरी पोरासारखं झापलं. मग परीक्षा सुरू झाल्या. दूध अर्धा कप पास. कांदा नापास, तोही दणदणीत. पोळी एक पास, तीन नापास. दाजी वहीत निकाल लिहायचे आणि फोनवर सगळ्यांना कळवायचे. दहावीच्या निकालालाही आमच्या घरात इतके फोन आले नव्हते.

2026 मध्ये पुन्हा अधिक महिना, या वेळी ज्येष्ठाचा. आईने न विचारता पुरण शिजवलं, कणीक मळली आणि दाजींच्या पानात एक धोंडा ठेवला. सगळे बघत होते. दाजींनी मोबाइल काढला नाही. धोंडा फोडला, वर तूप घेतलं आणि डोळे मिटून खाल्ला. आईने सवयीने दुसरा पुढे केला. दाजींनी पानावर आडवा हात धरला. ज्या माणसाने जिलेबीचं ताट ठेवून घेतलं होतं तो म्हणाला, "आई, एकच."

तुमच्याही घरी एखादे दाजी असतील. त्यांना "थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" असं म्हणू नका; काय होतंय ते रात्री त्यांनाच कळतं. आणि "सगळंच सोडा" असंही म्हणू नका. कागद उलटायला सांगा. दाजींना एक धोंडा सोसतो, दोन सोसत नाहीत. हे कळायला तीन वर्षं, एक वही आणि लसणाची एक पाकळी लागली.