बुलेटराव लडाखला निघतात

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत एक तरी बुलेटराव असतोच. वय पंचेचाळिशीच्या आगेमागे, नोकरी संगणकाची नाहीतर सहकारी बँकेतली, आणि पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली बुलेट. रविवारी सकाळी सातला ते ती सुरू करायला घेतात. सोसायटीला जाग आली की ती सुरू झाली, असं समजायचं.

या सुरू करण्याला विधी आहे. कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेटची चावी फिरवायची, किक हलक्या पायानं दाबत हेडलाइटवरच्या अँपिअर मीटरकडे पाहायचं. काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेशनचा खटका ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगातलं सगळं बळ एकवटून एकच दणका. घाई केली तर किक उलटी येते आणि नडगीवर बसते. बुलेटरावांच्या उजव्या नडगीवर याचा पुरावा आहे. पाहुण्यांना तो चहाबरोबर दाखवतात.

गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. या व्यवस्थेचा मोठा फायदा असा, की गाडी कुणी उसनी मागत नाही. मेव्हण्यानं एकदा मागितली होती. त्यानं सवयीनं ब्रेक म्हणून गिअर दाबला आणि तळमजल्यावरच्या काकूंची कढीपत्त्याची कुंडी गेली.

बुलेटरावांना इतिहास मुखोद्गत. आधी भारतीय लष्करासाठी या गाड्या इंग्लंडहून आल्या, 1955 च्या सुमारास मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला त्यांची जुळणी होऊ लागली, मग हळूहळू सगळे भागही इथेच बनू लागले. तिकडे इंग्लंडमधला मूळ कारखाना 1970 च्या सुमारास बंद पडला, इकडे मद्रासची बुलेट चालूच राहिली आणि 1977 पासून चक्क इंग्लंडलाच निर्यात होऊ लागली. या वाक्यापाशी बुलेटराव थांबतात आणि समोरच्याकडे असे बघतात, जणू साहेबाला गाडी विकण्याचा सौदा त्यांनी स्वतःच ठरवला होता. डिझेलवर चालणारीही एक बुलेट निघाली होती. तिची ताकद जेमतेम साडेसहा अश्वशक्ती, हे मात्र ते भरभर सांगून टाकतात.

अशा माणसाला लडाख सुचणं अटळच.

‘अहो, कोथरूडहून डेक्कनला जाताना ढकलावी लागते ती. खारदुंग ला-वर कोण ढकलणार?’ हा घरातला एकमेव आक्षेप. तो विचारात घेतला जात नाही. साडीच्या खर्चावर एरवी चर्चा होते, सॅडलबॅगच्या होत नाही. जूनमध्ये पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गाडीची टाकी रिकामी होते, तिला गोणपाटात शिवलं जातं आणि झेलम एक्स्प्रेसनं ती अंबाल्याला उतरते. येताना जम्मूहून पुन्हा झेलम, पुन्हा गोणपाट. सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या सत्कारात या मोहिमेचं नाव असतं ‘पुणे ते पुणे’.

मधला रस्ता मात्र खरा आणि कठीण. मनालीपलीकडे तांदीच्या पेट्रोलपंपावरची पाटी प्रसिद्ध आहे: पुढचा पंप 365 किलोमीटरवर. मग दोन्ही बाजूंना कॅन बांधायचे, गाटा लूप्सची एकवीस वळणं चढायची. सतरा हजार फुटांवरच्या तांगलांग ला-पाशी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा. कार्ब्युरेटरला याची खबर नसते. तो पेट्रोल खालच्याच हिशेबानं सोडत राहतो, मिश्रण घट्ट होतं, प्लग काळा पडतो आणि गाडी खोकायला लागते. बुलेटराव उतरतात. पाना काढतात. प्लग पॉलिशपेपरनं घासतात. तेवढ्यात एक ट्रक थांबतो, सरदारजी खाली उतरून न विचारताच पॉइंटमधलं अंतर बघतात, त्यांचा क्लीनर चहाचा थर्मास काढतो.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. या गाडीचं आकर्षण नुसतं दिखाऊ नाही. पकड, पाना, तारेचा तुकडा आणि शिव्यांचा बऱ्यापैकी साठा असला की ती कुठेही दुरुस्त होते, आणि इंजिन कमी फेऱ्यांतही ओढून नेत असल्यानं घाटात दर वळणाला गिअरशी झगडावं लागत नाही. ताशी साठच्या पुढे आरसे इतके थरथरतात, की मागचं काही दिसत नाही, म्हणून आपोआप साठच्या आत राहून डोंगर बघितला जातो. तरीही बुलेटरावांना प्रवासापेक्षा बिघाड जास्त लागतो, हा आमचा संशय कायम आहे. पँगाँगच्या निळाईवर ते दोन मिनिटं बोलतात, तुटलेल्या क्लच केबलवर चाळीस.

कंपन्यांनी या लोकांना बरोबर ओळखलं. 2009 मध्ये आलेली क्लासिक दिसायला 1948 च्या जुन्या मॉडेलसारखी. 2018 मध्ये जावा परतली, तेव्हा तिला सिलिंडर एकच, पण जुन्या रूपाच्या हौसेपायी सायलेन्सर दोन! डोंगरासाठीच बांधलेली हिमालयन 2016 पासून मिळते, पण बुलेटराव तिला ‘सोयीची आहे’ म्हणतात. त्यांच्या कोशात यापेक्षा वाईट शिवी नाही.

तरी गुडघ्यांनी हट्ट धरला आणि त्यांनी नवी क्लासिक घेतली. बटण दाबलं की सुरू. पेट्रोल हवेच्या मानानं मोजून सोडणारं इंजेक्शन. 2021 च्या नव्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट, त्यामुळे थरथरही आटोक्यात. या गाडीवर ते पुन्हा लडाखला जाऊन आले. ऑफिसात सगळे खुर्च्या ओढून बसले. ‘काय झालं वाटेत?’

‘काही नाही.’

‘म्हणजे?’

‘काहीच नाही झालं.’

पाच मिनिटांत खुर्च्या जागेवर गेल्या. त्यानंतर बुलेटराव आठवडाभर नीट जेवले नाहीत म्हणतात.

गेल्या महिन्यात ते साताऱ्याजवळच्या एका गावात जुनी कास्ट आयर्न बघायला गेले. टाकीवर हातानं मारलेली सोनेरी रेघ, गिअर उजवीकडे, अँपिअर मीटर शाबूत. बुलेटरावांचे डोळे भरून आले. मालकाला वाटलं, गिऱ्हाईक भावावरून कच खातंय. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, ‘सायेब, देवाशप्पत सांगतो, एका किकेत चालू. वीस वर्सांत वाटंत कधी बंद पडली न्हाय.’

बुलेटराव गप्प झाले. मग ‘घरी विचारून सांगतो’ म्हणाले आणि एसटीनं परत आले.