हाडाचा डॉक्टर

माझ्या भाच्याला लहानपणापासून हाडांचं वेड. कोंबडीची तंगडी संपली की बाकीची मुलं हात धुवायला पळत, हा सांधा उलगडून बघत बसे. एमबीबीएसच्या इंटर्नशिपमध्ये तर त्याने प्लास्टर घालण्यात रात्री काढल्या. पोरगा हाडाचा डॉक्टर होणार, असं आम्ही दोन्ही अर्थांनी म्हणायचो.

मग नीट-पीजी, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, आली. 2024 साली ती 23 जूनला होती. 22 तारखेच्या रात्री, मुलं परगावच्या लॉजवर पोचल्यावर, ती पुढे ढकलल्याचं कळलं. रात्री-अपरात्री धक्के सोसण्याचं प्रशिक्षण डॉक्टरला लवकर मिळालेलं बरं. शेवटी 11 ऑगस्टला परीक्षा झाली. साडेतीन तास, 200 प्रश्न, 800 गुण. बरोबर उत्तराला 4, चुकलं की वजा 1.

यातून रँक निघते आणि तुम्हाला कशाची आवड आहे ते रँक सांगते. वरच्या मुलांना दरवर्षी न चुकता क्ष-किरणांची आणि त्वचेची ओढ लागते. त्वचेचे रोगी रात्री दोनला दार ठोठावत नाहीत, हा निव्वळ योगायोग. तळाशी शरीररचना, जीवरसायन वगैरे. यांची आवड उपजत असलेले थोडेच. बाकीच्यांना ती काउन्सेलिंगच्या शेवटच्या फेरीत जडते.

हात थरथरतो का, रडणाऱ्या म्हातारीशी बोलता येतं का, हे कोणी विचारत नाही. तरी मुलाखत घ्या, असं मी म्हणणार नाही. मुलाखत आली की कोणाचा मामा कुठे आहे याची चौकशी आली. मी स्वतः मामा आहे, मला माहीत आहे. रँक आंधळी असेल, पण निदान ओळखपाळख काढत नाही.

अडचण होते ती सीटा रिकाम्या राहिल्या की. 2023 मध्ये खुल्या गटाला पात्रतेसाठी 50 पर्सेंटाइल, म्हणजे 291 गुण लागत होते. सप्टेंबरात सरकारने ती अट सगळ्यांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. पार तळाचा उमेदवारही पात्र झाला. त्याचे गुण होते वजा 40.

वजा 40 हे सोपं काम नाही. परीक्षागृहात जाऊन साडेतीन तास घोरत पडलेल्याला शून्य मिळतं, म्हणजे 40 गुण जास्त. जत्रेतल्या पोपटाला चार पर्यायांतून चोचीने उत्तरं उचलायला लावली, तर सरासरीने 50 बरोबर आणि 150 चूक येतील, म्हणजे अधिक 50 गुण. वजा 40 साठी पोपटापेक्षा जास्त अभ्यास लागतो, आणि तोही चुकीचा.

पात्र झालं म्हणजे सीट मिळाली असं नाही, हे खरं. पहिला हात वरच्यांचा. त्यांनी नको म्हटलेल्या सीटा उरतात, आणि त्यांत लाखांनी फी असलेल्या खासगी सीटाही असतात. तिथे वडिलांच्या पासबुकाचा पर्सेंटाइल बघतात. तो शून्यावर आल्याचं उदाहरण अजून माझ्या ऐकण्यात नाही.

भाच्याची रँक अधलीमधली. पासबुक त्याहून खाली. ऑर्थो हुकलं, शरीररचनाशास्त्र मिळालं. तिथेही हाडं आहेतच, फक्त ती तक्रार करत नाहीत. ताई पेढे वाटताना म्हणाली, "हाडंच हवी होती ना त्याला?"

परवा जिन्यावर माझा गुडघा धरला. हक्काने भाच्याला फोन लावला. त्याने गुडघ्यातल्या एकूण एक अस्थिबंधाचं नाव, कोण कुठून निघून कुठे जातो, सगळं घडाघडा सांगितलं. मी म्हटलं, "अरे, पण मी करू काय?"

"मामा," तो म्हणाला, "एखाद्या हाडाच्या डॉक्टरला दाखव."