आधी लगीन काठाचं

पुण्याच्या नदीकाठाच्या संकल्पचित्रांत एकही माणूस नाकावर रुमाल धरून चाललेला दिसत नाही. आई बाबागाडी ढकलते आहे, आजोबा बाकावर बसून पेपर वाचताहेत, सायकलवरची दोन तरुण मंडळी विनाकारण हसताहेत आणि पलीकडे निळंशार पाणी पसरलं आहे. मुठेचं असं पाणी खडकवासला धरणाच्या खाली हल्लीच्या कुणी पाहिलेलं नाही. चित्राला वास येत नाही ही सल्लागाराची सोय, आणि पुणेकराला नाक आहे ही त्याची अडचण.

६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पुण्यात एकाच दिवशी दोन भूमिपूजनं झाली. एक काम नदीत मिसळणारं सांडपाणी अडवून शुद्ध करण्याचं. त्यात ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, रोज सुमारे ४० कोटी लिटरची क्षमता, खर्च १,४७० कोटी रुपयांच्या वर. दुसरं काम काठांचं. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर, अंदाजे खर्च ४,७०० कोटींच्या घरात. त्यातल्या पहिल्या ९ किलोमीटरलाच १,०८० कोटींपेक्षा जास्त. म्हणजे पाण्याला रुपया तर काठाला तीन. ‘आधी लगीन कोंडाण्याचं, मग रायबाचं,’ असं तान्हाजी म्हणाले होते. पुणे महापालिकेने नदीला मांडवात ताटकळत ठेवून काठाला बोहल्यावर उभं केलं.

सांडपाण्याच्या कामासाठी जपानच्या ‘जायका’ संस्थेशी कर्जाचा करार झाला होता जानेवारी २०१६ मध्ये. पुढची सहा वर्षं कुठे गेली? निविदा काढण्यात, त्या चढ्या दराने आल्या म्हणून रद्द करण्यात, पुन्हा काढण्यात आणि केंद्रांसाठी जागा ताब्यात घेण्यात. मैलापाण्याला निविदेची गरज लागत नाही. ते या सहाही वर्षांत सुट्टी न घेता नदीवर हजर राहिलं. शहरातल्या कुठल्याही खात्याची हजेरी इतकी चोख नसेल.

काठाचा आराखडा अहमदाबादच्या ज्या कंपनीने केला, साबरमतीचा प्रसिद्ध काठही तिनेच घडवलेला आहे. त्यामुळे पुण्यात या विषयावर कुणी शंका काढली की त्याला एकच प्रश्न विचारला जातो: ‘तुम्ही साबरमती पाहिली का?’ पाहिली. सुंदर आहे. दोन्ही बाजूंना भिंती बांधून नदीची रुंदी सरसकट २६३ मीटर करून घेतली आहे. नदीला बेशिस्त वळणं घेण्याची सवय असते, ती मोडून काढली आहे. काठावर फिरायला ऐसपैस जागा आहे. समोर दिसणारं पाणी मात्र बव्हंशी नर्मदेचं आहे, कालव्यातून आणून सोडलेलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या सर्वांत प्रदूषित नद्यांमध्ये साबरमतीचा नंबर दुसरा लागला, चेन्नईच्या कूवम नदीखालोखाल. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते, यावरून ही मोजणी होते. आंघोळीच्या पाण्यात हे प्रमाण लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. साबरमतीत ते २९२ निघालं. त्याच्या आदल्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयाने या नदीच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली होती. साबरमती पाहायला जाणाऱ्या अभ्यासदौऱ्यांची गाडी बहुधा त्या घाण पाण्याच्या बाजूला वळत नसावी.

प्रदूषण मंडळाच्या त्याच अहवालात प्रदूषित नदीपट्टे सर्वांत जास्त निघाले ते महाराष्ट्रात. ५५. कुठे तरी आपला पहिला नंबर आहे म्हणायचा.

अशा प्रकल्पांच्या अहवालात ‘नागरिकांचं नदीशी नातं पुन्हा जोडणं’ असा एक उद्देश असतो. नातं कुणाचं तुटलं होतं आणि कुणाचं टिकलं होतं, हे मात्र विचारायचं नसतं. साबरमतीच्या काठावरच्या दहा हजारांहून अधिक कुटुंबांचं नदीशी नातं इतकं घट्ट होतं की त्यांची घरंच काठावर होती. ती सोडवून त्यांना शहराच्या कडेला नेऊन ठेवावं लागलं, तेव्हा कुठे उरलेल्या नागरिकांचं नातं जोडता आलं. तिथला रविवारचा जुना बाजारही उचलून नव्या आखीव जागेत बसवला गेला.

पुण्यातही पुलाची वाडी, पाटील इस्टेट, ताडीवाला रस्त्यालगतच्या वस्त्या या मंडळींचं नदीशी नातं अजून शाबूत आहे. दर पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की नदी त्यांच्या घरात येते आणि ते महापालिकेच्या शाळेत जातात. बाबागाडीच्या त्या चित्रात यांच्यातलं कुणी नाही. चित्रातल्या माणसांच्या हातात कुत्र्याची साखळी आहे, धुण्याचं गाठोडं कुणाच्याच डोक्यावर नाही.

नदीचा स्वभाव पुणेकरांना ठाऊक नाही असं कुणी म्हणणार नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि निम्मं शहर पाण्याखाली गेलं. तरीही पुणेकरांनी नदीपात्रात रस्ता केला, भिडे पूल पात्राला टेकवून बांधला आणि तो दर पावसाळ्यात बुडाला की छत्री घेऊन तो सोहळा पाहायला जाण्याची प्रथा पाडली. मेट्रोचे खांबही पात्राच्या कडेने आले. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला, सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं आणि लष्कराला बोलवावं लागलं. पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची ती लाल, असे नकाशे पाटबंधारे खात्याकडे आहेत. नदीला मात्र हे रंग ओळखता येत नाहीत. प्रकल्पाची बाजू अशी की बांध घातल्याने पूर आटोक्यात येईल. विरोधकांचं म्हणणं असं की पात्र अरुंद केलं की तेच पाणी उंच चढेल. हा वाद हरित न्यायाधिकरणात मांडला गेला. पण वाद मिटेपर्यंत थांबायचं असतं, असं काँक्रीट मिक्सरला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

बंडगार्डन ते मुंढवा या टप्प्यात काही हजार झाडं तोडायची किंवा हलवायची ठरली, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर रस्त्यावर उतरले आणि झाडांना मिठ्या मारून आले. त्याच पट्ट्यात येरवड्याजवळ डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. पक्ष्यांना झाडं लागतात ही जुनाट कल्पना आहे, हे मान्य. नव्या काठावर झाडं लावणारच आहेत, सरळ रेषेत.

मुंढव्याच्याच बाजूला फेब्रुवारी २०२४ मध्ये नदीवर डासांचे उंचच उंच खांब उभे राहिलेले लोकांनी मोबाइलवर टिपले. देशभर चित्रफीत फिरली. साचलेलं मैलापाणी आणि त्यावरची जलपर्णी, एवढ्या भांडवलावर ही वास्तुरचना उभी राहिली. जलपर्णी काढायला दरवर्षी पैसे लागतात आणि ती दरवर्षी पुन्हा येते, कारण तिचं खत आपण घराघरातून रोज पाठवतो. त्या डासांना ऐन नदीसमोरचा फ्लॅट आधीच मिळालेला आहे.

काठ आणि माणसं एकत्र सुधारण्याचं काम पुण्यात कुणी केलंच नाही असं मात्र नाही. ‘जीवितनदी’ या संस्थेची माणसं २०१४ पासून हा खटाटोप करताहेत. नदीकाठाचा एक तुकडा दत्तक घ्यायचा, विठ्ठलवाडीसारख्या ठिकाणी रविवारी सकाळी जमायचं, मुळांत गुंतलेल्या चिंध्या आणि प्लास्टिक ओढून काढायचं, तिथे मुलांना आणायचं, काठाकाठाने नदीची ओळख करून देणाऱ्या फेऱ्या काढायच्या, मुठाईचा उत्सव करायचा. शिवाय घराच्या मोरीतून जाणारी रसायनं कमी करा, रिठे-शिकेकाईकडे वळा, असं शेजाऱ्यांना सांगत राहायचं. या कामाचं भूमिपूजन कधी झाल्याचं ऐकिवात नाही. चिंधी ओढून काढण्यात फीत कापण्यासारखं काही नसतं, आणि कोट्यवधींच्या निविदेत ‘शिकेकाई’ कुठल्या शीर्षाखाली दाखवायची हा लेखा विभागाला न सुटणारा प्रश्न आहे.

म्हणून काय चार स्वयंसेवकांनी हातमोजे घालून मुळा-मुठा शुद्ध करावी? तेही एक सोयीचं थोतांड आहे. कंपन्यांची पथकं रविवारी एकसारखे टीशर्ट घालून येतात, दोन तास कचरा वेचतात, पोत्यांसोबत फोटो काढतात आणि नाष्ट्याला जातात. तोवर शेजारच्या नाल्यातून काळं पाणी धबधब्यासारखं पडत असतं, आणि फोटोग्राफर तेवढा भाग चौकटीतून वगळतो. पिशव्या वेचणं नागरिकांना जमतं. नाल्याचं तोंड बंद करून ते पाणी केंद्रापर्यंत नेणं आणि ते केंद्र रात्रंदिवस चालवणं हे महापालिकेचंच काम आहे. तिथे लोकसहभाग मागणं म्हणजे कर भरून वर झाडूही घरून आणायला लावणं.

आधी काठ सजवण्याचा नाशिकचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. गोदावरीच्या पात्रातल्या जुन्या कुंडांवर सुशोभीकरणाचं काँक्रीट ओतलं गेलं आणि पुढे तेच काँक्रीट फोडून झरे मोकळे करा, ही मागणी घेऊन लोक न्यायालयात गेले. ओतायचं बिल निघतं, फोडायचंही निघतं. ठेकेदारी ही या राज्यातली खरी बारमाही नदी.

पुण्याचा काठ संपला की मुळा-मुठा संपत नाही. ती पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात शिरते, आणि सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. वाटेत दौंड आहे, इंदापूर आहे, उजनीत जाळं टाकून पोट भरणारे मच्छीमार आहेत. ४४ किलोमीटरच्या आराखड्यात यांच्यासाठी एक ओळ असायला हवी होती: आपल्या हद्दीच्या शेवटच्या टोकाला पाणी कसं सोडणार? सगळी केंद्रं पूर्ण क्षमतेने चालू होईपर्यंत काठाच्या नव्या टप्प्यांना एक रुपयाही देऊ नये. महापालिकेने मुंढव्याच्या पुढच्या पाण्याचा तपासणी अहवाल दर महिन्याला वर्तमानपत्रात छापावा, सल्लागाराच्या चित्रांना देतात तेवढ्याच मोठ्या जागेत. आणि पुणेकरांनो, तुमच्या नगरसेवकाकडे आधी तो मागा.