रंगोत्तर मालक

गिलावा झाला, पुट्टी झाली, रंगाचा शेवटचा हातही वाळला, की ज्यांना पहिल्यांदा विजेची आठवण होते त्यांना रंगोत्तर मालक म्हणावे. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, कुठल्याही नव्या कॉलनीत ते मुबलक आढळतात. त्यांचा हंगाम एप्रिल-मे. पारा चाळिशी ओलांडतो, कूलर हात टेकतो, एसी घ्यायचा ठरतो आणि मग ध्यानात येते की त्या भिंतीवर पॉइंटच ठेवलेला नाही. वायरमन येतो, भिंत ठोकून पाहतो आणि म्हणतो, "झिरी मारावी लागेल, भाऊ." एवढ्यावरच मालकांचा रंग उडतो, भिंतीचा अजून शाबूत असतो.

पण रंगोत्तर मालकांना अडाणी समजू नये. त्यांनी मोबाइलवर लवचीक ड्रिल बिट पाहिलेला असतो. साडेचार ते सहा फूट लांब, वाकणारा दांडा. बोर्डाच्या खाचेतून आत सरकवायचा, आतल्या लाकडाला भोक पाडायचे, टोकाच्या छिद्रात वायर अडकवायची आणि बिट मागे ओढला की वायर आपोआप हजर. "आपल्याकडे हे का नाही?" असे ते विचारतात, आणि रोख वायरमनच्या मागासलेपणाकडे असतो. वास्तविक दोष विटेचा आहे. अमेरिकेतल्या घराची भिंत म्हणजे साधारण सोळा-सोळा इंचांवर उभी केलेली लाकडे, दोन्ही अंगांना अर्ध्या इंचाचे जिप्सम बोर्ड, मध्ये पोकळी. बिट वाकतो तो त्या पोकळीत. आपली भिंत नऊ इंची असो की साडेचार इंची, आरपार वीट आणि सिमेंट. आत वाकायला जागाच नाही. जिल्ह्यात बिटाला सहज दाद देईल अशी एक भिंत आहे, धडगाव-अक्कलकुव्याकडची कुडाची. पण तिथे कामट्यांच्या फटीतून वायर नुसत्या हातानेही पार होते.

"आधी नियोजन करायला काय झाले होते?" असे शेजारी विचारतात. शेजाऱ्यांचे स्वतःचे पॉइंट कपाटामागे गेलेले असतात, ते सोडा. स्लॅब भरण्याआधी पंख्याचे बॉक्स टाकून ठेवता येतात, हे खरेच. पण १९९८ साली घर बांधणाऱ्याने फायबर, सीसीटीव्ही आणि गाडीचे चार्जिंग कसे ओळखावे? त्याच वर्षी १ जुलैला झालेला नंदुरबार जिल्हा म्हणजे तरी धुळ्याच्या तयार भिंतीतून मागाहून काढलेला पॉइंटच. शासनाला जे आधी सुचले नाही, ते गृहस्थाला कसे सुचावे? तेव्हा विसरणे माफ.

माफ करण्यासारखे नाही ते भिंत न फोडता वरूनच वायर झाकून नेणाऱ्या केसिंग पट्टीशी असलेले वैर. पट्टीला चार गिट्ट्या, चार स्क्रू लागतात; काम लवकर आटोपते आणि उद्या बिघाड झाला तर झाकण उघडून पाहता येते. झिरीचे तसे नाही. साडेचार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारली तर भिंत कमजोर होते, बुजवलेल्या जागी रंगाची छटा जुळत नाही, आणि वायर कुठून गेली हे लक्षात ठेवावे लागते. ते लक्षात कोणी ठेवायचे, तर जो पॉइंट विसरला त्यानेच. पुढे फोटोसाठी खिळा ठोकणाराही तोच.

"पट्टी वाईट दिसते," हा मालकांचा शेवटचा आक्षेप. हा सौंदर्यदृष्टीचा प्रश्न असता तर मान तुकवली असती. पण त्याच हॉलमध्ये सेट टॉप बॉक्सची वायर लोंबत असते, गेल्या दिवाळीची माळ खिडकीला तशीच असते, त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. म्हणजे डोळ्यांना वायर खुपत नाही. खुपते ती मालक विसरले होते हे आल्यागेल्याला सांगणारी पट्टी. त्यांना भिंतीत वायर हवी आहे, पण ती पहिल्यापासून तिथे होती अशी.

अखेरीस उकाडा मध्यस्थी करतो आणि पट्टी बसते. मग उरलेल्या डब्यातला रंग काढून पट्टीवर दोन हात मारले जातात, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला भिंतीसमोर उभे करून मालक विचारतात, "इथून वायर गेलीय, दिसते का?"